सात वळू आणि एक कुपी

"झाकण लावू नका! अहो... अहो खाकी शर्ट! झाकण लावू नका म्हणते ना!"

भर दुपारी बारा वाजता रहिमतपूरच्या फलाटावर एक मुलगी पळत सुटली होती. काखेत थर्माकोलचा डबा, ओढणी एका खांद्यावरून थेट जमिनीला टेकलेली, एका चपलेचा अंगठा निघालेला. एवढी पळणारी मुलगी दिसली की लोक बघणारच. त्यात गाडी दोन तास फलाटाला खिळलेली. पुढं तारगावजवळ परतीच्या पावसानं रुळाखालची खडी वाहून नेलेली. लोकांना दुसरं काम काय होतं? अख्खी गाडी खिडकीतून माना काढून बघायला लागली.

ज्याच्या नावानं हा आरडाओरडा चालला होता तो फलाटाच्या टोकाला, कुंपणापलीकडं, एका गाईच्या मागं उभा होता. शर्टाची डावी बाही पार खांद्यापर्यंत गुंडाळलेली, उजवी मात्र मनगटाला बटण लावून अगदी नीटनेटकी. पायाशी अॅल्युमिनियमचं एक पोट सुटलेलं भांडं. आणि त्या भांड्याच्या तोंडातून पांढरीशुभ्र वाफ भसाभसा बाहेर सांडत होती.

ती वाफ बघितली आणि प्रियदर्शनीच्या जिवात जीव आला.

आता ही प्रियदर्शनी कोण, ते सांगायला हवं. सांगलीजवळच्या माधवनगरच्या गिरणीत तीस वर्षं माग सांभाळलेल्या राजारामांची ही थोरली लेक. एम.एस्सी. झालेली. आणि सध्या माधवनगरातच, सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यांनी हौसेनं उभ्या केलेल्या एका चिमुकल्या प्रयोगशाळेत मगदूम सरांच्या हाताखाली संशोधन करणारी. तिच्या काखेतल्या डब्यात एक कुपी होती, करंगळीच्या पेराएवढी. कुपीत काय, तर गोठलेले दोन-चार थेंब! पण त्या थेंबांत परदेशात तयार झालेलं माणसाचं प्रोटीन होतं, फक्त प्रयोगशाळेत वापरायचं. पुण्यातल्या एका प्राध्यापकांनी स्वतःच्या साठ्यातली एक, फक्त एक कुपी मगदूम सरांच्या शब्दाखातर दिली होती. देताना बजावलं होतं, "वितळू देऊ नका. वितळलं की त्याचा भरवसा नाही."

सोबत दिलेला कोरडा बर्फ दुपारी एकपर्यंत पुरेल असा हिशेब होता. गाडी वेळेवर असती तर पुरलाही असता. पण ऑक्टोबरचं ऊन ते! डब्यात आता लिमलेटच्या गोळ्यांएवढे दोन खडे उरले होते.

आणि कुपी गेली तर? तर सगळंच गेलं. बापलेकीचं वर्षापूर्वीच ठरलं होतं – दिवाळीपर्यंत संशोधनात काही हाती लागलं तर ठीक, नाहीतर शाळेत शास्त्राची बाई व्हायचं. शाळेचं पत्र येऊन पडलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि आज होता गुरुवार.

"काय झालं, मॅडम?" खाकी शर्टवाला म्हणाला. "हळू. गाय बुजंल."

"नायट्रोजन आहे ना? द्रव नायट्रोजन?"

तो चाटच पडला. आजवर त्या भांड्याला लोकांनी थर्मास म्हटलं होतं, गॅसची टाकी म्हटलं होतं, एका म्हातारीनं तर आत ऊद पेटवलाय का म्हणून विचारलं होतं. नाव घेऊन ओळखणारी ही पहिलीच.

"व्हय... म्हणजे, हो. नायट्रोजनच."

"उणे एकशे शहाण्णव!"

"एकशे शहाण्णव," तो म्हणाला, आणि उगाचच हसला.

"आणि आत काय ठेवलंय?"

झालं! गडी अडकला. त्यानं भांड्याकडं बघितलं, गाईकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं.

"आत... आत बैल हायत."

"बैल?"

"म्हणजे वळू. सात हायत. तीन जर्सी, दोन होल्स्टिन, दोन खिलार..."

"वळूंचं वीर्य, कांड्यांमधून. कृत्रिम रेतनाचं," प्रियदर्शनी एका दमात म्हणाली. "मग सरळ सांगा की! एवढे कान कशाला लाल करताय?"

कान होतेच लाल. आता मानही झाली. गाईचा कासरा धरून उभा असलेला लालासाहेब – तो स्टेशनवरच नोकरीला होता, आणि गाय त्याचीच – खो खो हसत म्हणाला, "डॉक्टर, ह्या बाई तुमच्याच खात्यातल्या हायत व्हय?"

"मी डॉक्टर न्हाई," तो तिला घाईनं म्हणाला. "पशुधन पर्यवेक्षक. लोक आपलं म्हणतात. माझं नाव प्रबुद्ध."

प्रबुद्ध! तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, सरळ नजर, आणि एवढ्या लाजेतही ओठांच्या कडेला लपून बसलेलं हसू. तिच्याच चुलतभावाचं असावं असं नाव. अनोळखी गावात घरचं कुणी भेटावं तसं तिला वाटलं. मग मात्र तिनं वेळ घालवला नाही. डबा उघडला, कुपी दाखवली, सगळं सांगितलं – पावसापासून शाळेच्या पत्रापर्यंत.

त्यानं कुपीवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वर लिवलंय माणसाचं प्रोटीन. आणि खाली लिवलंय माणसाला देऊ नये. ही काय भानगड?"

"माणसाचंच आहे, पण माणसातून काढलेलं नाही. माणसाच्या पेशीतली त्याची सूचना जीवाणूत घातली. आता जीवाणू ते बनवतात."

त्यानं क्षणभर विचार केला. "म्हणजे गाय गावातली आणि कालवड जर्सीची."

"अगदी तस्सं!" प्रियदर्शनी जवळजवळ उडीच मारणार होती. मगदूम सरांच्या नातेवाइकांना हे समजवायला तिला एकदा अख्खी संध्याकाळ लागली होती.

"लालासाहेब, गाडी कवा हलंल?"

"दिवस मावळायच्या आत हलली तर नशीब म्हना."

प्रबुद्धनं लालासाहेबाची गाय उरकली, हात धुतले, बाही खाली घेतली आणि म्हणाला, "द्या ती बाटली. सांगलीला पोचवतो."

"बाटली एकटी जाणार नाही. मी येणार."

"मोटारसायकलवर?"

"का? सात वळू बसतात, मला जागा नाही?"

लालासाहेबानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बिनघोर जावा, ताई. सोन्यासारखा गडी हाय. आमच्या बारा गावांत कुनालाबी इचारा." प्रबुद्धनं तोवर कुपीला दोरा बांधला होता.

"बुडवायची नाही हं," ती म्हणाली. "वाफेतच लोंबती ठेवा. बुडली तर नंतर फुटेल."

"माहीत हाय, मॅडम. रोजचंच काम हाय माझं."

आणि माणसाचं ते नाजूक प्रोटीन सात दांडग्या वळूंच्या शेजारी जाऊन बसलं.

मोटारसायकल निघाली. पुढं प्रबुद्ध, मागं प्रियदर्शनी, आणि दोघांच्या मधे ते भांडं – तिनं दोन्ही हातांनी कवटाळलेलं. पाठीवर ऊन भाजत होतं आणि झाकणाच्या फटीतून येणारी गार वाफ मनगटांवर फुंकर घालत होती. दोन्ही बाजूंना ऊस पुरुषभर उंच. मधूनच हळदीचं रान लागायचं, ओल्या पानांचा वास नाकात शिरायचा. इतकं छान वाटायला खरं तर काही कारण नव्हतं. जीव टांगणीला लागलेला. तरी वाटत होतं!

"नेमकं काय करणार याचं?" त्यानं वाऱ्यातून ओरडून विचारलं.

"पेशींवर घालणार! याच्यानं पेशी मरतात! अंगाला सूज येते ना, त्याच्यामागं जी प्रोटीनं असतात त्यातलं हे एक! मग हळदीचा अर्क घालून बघणार, काही फरक पडतो का!"

"हळदीनं सूज उतरती, हे आमची आईबी सांगंल की!"

"माझीपण सांगते! पण कशी उतरते, ते दोघींनाही विचारा!"

तो मोकळेपणानं हसला. मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तुमच्या घरी काय म्हणतात हो? या... वळूंच्या कामाला?"

"आई म्हणती, बाहेर सांगत जाऊ नको, मुलगी कोण देईल."

"मग? दिली का कुणी?"

"दोन ठिकाणी बघून आलो. पहिल्या घरी खरं सांगितलं. पोहे अर्धे खाल्ले होते, तेवढ्यात बशी उचलून नेली."

प्रियदर्शनी एवढी हसली की भांडं हिंदकळलं. "आणि दुसरीकडं?"

"दुसरीकडं म्हटलं, सरकारी खात्यात हाय. मुलीनं विचारलं, काम काय असतं? मीच उठून आलो. खोटं किती दिवस रेटायचं?"

तिला वाटलं, त्या मुलीनं थांबवायला हवं होतं याला. मग वाटलं, बरं झालं, नाही थांबवलं. आणि हे दुसरं वाटलेलं ध्यानात आल्यावर ती एकदम उसाकडं बघायला लागली.

मसूरच्या अलीकडं रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा डोक्यावरचं मुंडासं सोडून, ते हवेत फडकवत उभा होता.

"डॉक्टर! आवं डॉक्टर! सकाळधरनं वाट बघतूया! गाय वरडून वरडून दमली!"

"केरबा आबा," प्रबुद्ध मागं न बघता म्हणाला. "काल निरोप दिला होता यांनी. मी येतो म्हणून सांगितलं होतं."

"उद्या नाही चालणार?"

"गाय माजावर आलीय. माज उतरला की मग एकवीस दिवस थांबायचं. दोन वेळा अशीच चुकलीय त्यांची." तो थांबला. "तुम्ही नको म्हणालात तर न्हाई थांबणार."

बघा आता! असं विचारल्यावर कोण नको म्हणेल? तिनं घड्याळ बघितलं. "किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"चला. पण पंधराच हं."

वस्तीवर पोचल्यावर प्रबुद्धनं चिमट्यानं एक कांडी काढली, भांड्याचं झाकण लावलं आणि ते ओसरीवर सावलीत ठेवलं. "आबा, ह्याला हात लावायचा न्हाई. आत पुण्याचा माल हाय. परदेशातनं आलेला, लय नाजूक. मॅडम, तुम्ही इथनं हलू नका." आणि तो गोठ्यात गेला.

ती हलणार नव्हतीच. पण आतून केरबाची कारभारीण बनुबाई आली, पदर सावरत, डोळे लुकलुकवत.

"डॉक्टराची मंडळी व्हय गं तू?"

"अहो नाही, मावशी! मी... मी सांगलीची. कामासाठी..."

"लाजतीया बघा कशी! ये आत. पयल्यांदा आलीस, ओटी भरल्याबिगर सोडती व्हय मी?"

"आमच्यात ओटी भरत नाहीत, मावशी," प्रियदर्शनी म्हणाली. खरंच होतं ते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात हे काही नव्हतं.

"तुमच्यात न्हाई, पर आमच्यात भरत्यात की! मी तुज्या घरला आली की तुज्या रीतीनं कर. आज माज्या दारात हायस." आणि बनुबाईनं तिचा हात धरला. त्या खरबरीत, उबदार हातातून हात सोडवून घेणं कुणाला जमलंय? "दोन मिन्टं," म्हणत प्रियदर्शनी आत गेली. गहू आले, नारळ आला, साखरेचा चहा आला. दोन मिनिटांची सहा-सात झाली.

ती ओढणीत गहू-नारळ सावरत बाहेर आली... आणि तिथंच थिजली.

भांड्याचं झाकण जमिनीवर. केरबा भर उन्हात अंगणात उभा. आणि त्याच्या हातातल्या दोऱ्याला, मासा लोंबावा तशी, कुपी लोंबत होती!

"डॉक्टर!" तो गोठ्याकडं बघून हाका मारत होता. "त्यो रोजचा जर्सी नगं! ह्यो परदेशी वळू घाला माज्या गाईला! एवढीशी बाटली, म्हंजी लय भारी असनार!"

प्रबुद्ध एका झेपेत बाहेर आला. डावा हात खांद्यापर्यंत शेणानं माखलेला, तो मागं धरला, उजव्या हातानं कुपी घेतली, क्षणभर उजेडात धरली, आणि दोघांनी एकदमच आत बघितलं. बाहेरून दहिवर धरलं होतं. आतला थेंब हलला का? की हात हलला म्हणून तसं वाटलं? त्यानं कुपी वाफेत सोडली, झाकण दाबलं.

"किती वेळ बाहेर होती, आबा?"

"आत्ता काढली की. ही चहाला गेली तवाच... मला काय ठावं, पोरी? माज्या मनात काय वंगाळ न्हवतं गं..." केरबाचा चेहरा एवढासा झाला.

वंगाळ नव्हतंच. तेच तर! रागवायचं कुणावर? म्हणून मग ती रागावली प्रबुद्धवर. रस्त्याला लागल्या लागल्या.

"परदेशातला माल, परदेशातला माल! कशाला सांगायचं होतं? एका गाईपायी माझं सगळं... सगळं गेलं!"

"माझी चूक झाली," तो म्हणाला.

"थांबायलाच नको होतं!"

पुढचे दोन-तीन मैल फक्त इंजिनचा आवाज. मग तिचं तिलाच आठवलं – चला, असं तीच म्हणाली होती. आणि हलू नका, असं त्यानं तिलाच सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"रडताय?"

"नाही."

"अजून काही गेलं न्हाई, मॅडम. पेशींवर घालून बघितल्याबिगर कसं कळंल? गाय गाभण हाय का न्हाई, हे मला तरी दुसऱ्या दिवशी कळतं व्हय? पण त्या दिवशी मी रडत न्हाई बसत."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येणं फार वाईट, नाक वाहतं.

इस्लामपूर सोडलं आणि परतीच्या पावसानं गाठलं. आडवा, टपोऱ्या थेंबांचा, ऊन असतानाच कोसळणारा. प्रबुद्धनं गाडी बाभळीखाली घेतली, डिकीतून रेनकोट काढला. तिनं हात पुढं केला... आणि यानं तो रेनकोट चक्क भांड्याला घातला! वर बटणंही लावली, टोपीही ओढली.

"आणि मी?"

"तुम्ही वाळाल," तो म्हणाला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून, नाकावरून, हनुवटीवरून टपटपत होतं. "ह्यात पाणी शिरलं तर... म्हणजे, तुमचं आयुष्य आत हाय ना. म्हणून."

ती त्याच्याकडं बघत राहिली. आजवर तिच्या कामाला कुणी तिचं आयुष्य म्हटलं नव्हतं. नाद म्हटलं होतं, खूळ म्हटलं होतं, चांगल्या माणसांनी शिक्षण म्हटलं होतं. तिची छाती अशी काही धडधडायला लागली की पावसाच्या आवाजातही त्याला ऐकू जाईल की काय असं तिला वाटलं.

"काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. चला."

पाचच्या सुमाराला माधवनगर आलं. प्रयोगशाळेच्या दारात मगदूम सर चष्मा कपाळावर चढवून येरझाऱ्या घालत होते. तिनं सगळं सांगितलं, केरबासुद्धा. सरांनी कुपी हातात घेतली.

"वितळलं होतं?"

"माहीत नाही, सर."

"मग पेशींनाच विचारू. उद्या सकाळी घालू, परवा सकाळी रंग देऊन बघू," असं म्हणत सर कुपी घेऊन आत पळाले. ती त्यांच्यामागं धावली. थंड पेटी उघडली, जागा केली, वहीत नोंद केली. सगळं झाल्यावर तिला आठवलं, बाहेर कुणीतरी उभं आहे... ती दारात आली तर मोटारसायकल नव्हती. चिखलात फक्त चाकाची रेघ.

साधे आभारसुद्धा मानले नव्हते. पत्ता नाही, फोन नाही. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी असं तिला वाटलं.

शुक्रवारी प्रयोग लागला. छोट्या छोट्या खळग्यांची ती पारदर्शक ताटली, प्रत्येक खळग्यात हजारो पेशी. वरच्या ओळीला नुसता पेशींचा रोजचा खुराक, खालच्या ओळीला कुपीतलं प्रोटीन. प्रोटीन शाबूत असेल तर खालच्या पेशी मरतील. दुसऱ्या दिवशी जांभळा रंग घालायचा. जगलेल्या पेशी रंग धरतात, मेलेल्या धुऊन जातात. खालची ओळ कोरी राहिली की जिंकलं, पुढचं हळदीचं काम सुरू. तीही जांभळी झाली की शाळेत जायचं, फळ्यावर बेडूक काढायचा.

शनिवारी सकाळी आठला ती प्रयोगशाळेत आली आणि पायरीशीच थबकली. पायरीवर तो बसला होता. खाकी नाही, पांढरा शर्ट. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावून.

"तुम्ही?"

तो गडबडीनं उठला. "ते... भांड्याचा रेनकोट..."

"रेनकोट तुमच्या गाडीलाच आहे. तो काय!"

त्यानं गाडीकडं बघितलं. खरंच होता. "व्हय की," तो म्हणाला. मग एक मोठा श्वास घेतला. "आवं, दोन दिवस चित्त न्हाई लागलं. काल एका गाईला सोडून तिच्या शेजारणीला हात घालत होतो. म्हटलं, काय झालं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. वाईट झालं असलं तर माझ्या तोंडावर शिव्या द्यायला तरी माणूस पायजे."

"किती वाजता निघालात?"

"कोंबडं आरवायच्या आधी."

तिनं कुलूप काढलं. घाईत ते तिसऱ्यांदा निघालं. मगदूम सर आले. ताटली बाहेर आली, जांभळा रंग पडला, दहा मिनिटं गेली. दहा मिनिटं म्हणजे किती, हे त्या दिवशी तिघांनाही कळलं. मग तिनं ताटली नळाच्या बारीक धारेखाली धरली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं. तिनं ताटली खिडकीच्या उजेडात धरली.

वरची ओळ गर्द जांभळी. आणि खालची...

"मेल्या!" प्रियदर्शनी किंचाळली. "मेल्या, सर! सगळ्या मेल्या! एकपण उरली नाही!"

प्रबुद्धचा चेहरा पडला. "मेल्या?"

"मेल्या!" ती त्याचे दोन्ही दंड धरून त्याला गदागदा हलवत होती. "जिवंत आहे! जिवंत आहे हो!"

"मेल्या का जिवंत हाय? एकच काय ते सांगा, माझा जीव चाललाय!"

"पेशी मेल्या म्हणजे प्रोटीन जिवंत! आलं ते! आपण आणलं, प्रबुद्ध, आपण जिवंत आणलं!"

मगदूम सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, ताटली घेऊन जवळून बघितली आणि ते तसेच आतल्या खोलीत गेले. आतून त्यांचा पुण्याला फोनवर बोलण्याचा आवाज यायला लागला, जरा जास्तच मोठ्यानं. आणि तेवढ्यात दारात राजाराम उभे राहिले. हातात लेकीचा डबा, खिशात शाळेचं पत्र. त्यांनी लेकीचा चेहरा बघितला. त्यांना कळलं.

"मग? काय सांगू शाळेला?"

"नाही म्हणून सांगा, बाबा! नाही!"

"बरं." मग त्यांची नजर पांढऱ्या शर्टावर गेली. लेकीचे हात अजून त्याच्या दंडांवरच होते, आणि लेकीला त्याचा पत्ताच नव्हता. "आणि हे कोण?"

"जय भीम, काका," प्रबुद्ध कसाबसा म्हणाला. "मी रहिमतपूरचा. जनावरांच्या... म्हणजे मी..."

"बाबा," प्रियदर्शनी म्हणाली. खरं तर तिला सांगायचं होतं, यांनीच कुपी आणून पोचवली. तेच सांगायला तोंड उघडलं होतं. पण आनंदानं भरलेल्या माणसाचं तोंड काय ऐकतं? "बाबा, मला यांच्याशी लग्न करायचंय."

आतलं सरांचं फोनवरचं बोलणंसुद्धा थांबलं.

प्रियदर्शनीनं हात झटकन मागं घेतले. राजाराम लेकीकडं बघत होते. लेक जमिनीकडं बघत होती. आणि प्रबुद्ध – त्याचे कान पुन्हा लालभडक.

"ही तुम्हाला याआधी काही बोलली होती?" राजारामांनी त्याला विचारलं.

"न्हाई, काका."

"तुम्ही हिला काही विचारलं होतं?"

"विचारायलाच आलो होतो. पण यातलं काही वाईट निघालं असतं तर नसतं विचारलं. तसंच परत गेलो असतो."

"काम काय करता?"

प्रियदर्शनीनं चटकन वर बघितलं. प्रबुद्धनंही तिच्याकडं बघितलं, मग सरळ तिच्या वडिलांकडं.

"गाई-म्हशी भरवतो, काका. बारा गावं हायत माझ्याकडं."

राजारामांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. तीस वर्षं मागासमोर उभं राहिलेला माणूस तो, धागा हातात धरून बघायची सवय. मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"भाकरी दोनच आहेत. आईला माहीत नव्हतं पाहुणे येणार म्हणून. वाटून घ्या." आणि जाता जाता दारातून म्हणाले, "मी शाळेत सांगून येतो. मग यांना घेऊन घरी ये. पोहे करायला सांगतो. सगळे खाऊ दे त्यांना."

ती चमकली. पोह्यांची गोष्ट बाबांना कशी ठाऊक? मग आठवलं, गुरुवारी घरी गेल्यावर दोन तास ती त्याच्याबद्दलच बोलत होती. आईसमोर, बाबांसमोर, कुणी विचारलं नव्हतं तरी.

दोघं बाहेर पायरीवर येऊन बसले. तिनं डबा उघडला. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. भाकरीचा मोठा अर्धा तिनं त्याच्या हातावर ठेवला. त्यानं घास मोडला, पण तोंडात घालेना.

"काय झालं?"

"तुम्ही खरंच म्हणालात ते?"

"सर्वांसमोर म्हणाले. अजून कसं सांगू?" मग ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "आणि मला आता तुम्ही म्हणू नका..."

तो बराच वेळ जुळवाजुळव करत राहिला. घसा साफ केला. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्याकडं बघितलं. शेवटी हातातला घास त्यानं तिच्यापुढं धरला.

"प्रियदर्शनी," तो म्हणाला, "तू आधी खा."